वाचक विचारतात : पहिली मिक्सटेप

पावसाळ्यापासून आमच्याकडे रॅप करणाऱ्या मुलामुलींची पत्रं वाढली आहेत. काही पत्रं त्यांच्या पालकांचीही आहेत. मिक्सटेप (एकत्र प्रसिद्ध केलेला गाण्यांचा संच) काढायची आहे, गाणी तयार आहेत किंवा अर्धवट आहेत, आणि कुठेतरी घोडं अडलं आहे. ज्या अडचणी पुन्हापुन्हा आल्या, त्यांची उत्तरं इथे देत आहोत.

प्रश्न : यूट्यूबवरचे ‘फ्री बीट’ घेऊन मी बारा गाणी केली आहेत. मिक्सटेप म्हणजे फुकट वाटायचीच गोष्ट ना? मग परवानगी कशाला लागते? (साखळी)

मिक्सटेपचा जन्म खरोखरच कॅसेटवर झाला. न्यूयॉर्कचे डीजे आपल्या कार्यक्रमांच्या कॅसेट हातोहात विकत. पुढे रॅपर दुसऱ्यांच्या गाजलेल्या बीटवर, म्हणजे शब्दांविना संगीतावर, स्वतःचे शब्द गाऊन अशा मिक्सटेप वाटू लागले. अमेरिकी रॅपर 50 सेंटने 2002 मध्ये असंच स्वतःचं नाव उभं केलं. पण तेव्हाची मिक्सटेप हातातून हातात जायची. तुमची मात्र स्पॉटिफाय, यूट्यूब आणि इन्स्टाग्रामवर जाणार आहे आणि तिथे प्रत्येक गाणं यंत्र तपासतं. ‘फुकट दिलं म्हणून चालतं’ असं आपल्या कायद्यात कुठेही नाही.

शिकागोच्या चान्स द रॅपरचं उदाहरण डोळ्यांसमोर ठेवा. त्याला नाव मिळवून देणारी ‘ॲसिड रॅप’ 2013 मध्ये कुणालाही फुकट उतरवून घेता येत होती. 2019 मध्ये ती स्ट्रीमिंगवर आली तेव्हा ‘जूस’ या गाण्याच्या जागी अर्ध्या मिनिटाचा खुलासा ठेवावा लागला, कारण त्यातल्या सॅम्पलची (दुसऱ्याच्या रेकॉर्डिंगमधून घेतलेल्या तुकड्याची) परवानगी मिळाली नव्हती. इतक्या मोठ्या नावालाही आपलंच गाणं तिथे ठेवता आलं नाही.

आता तुमच्या बारा बीटचं. प्रत्येक व्हिडिओखालचा मजकूर पुन्हा नीट वाचा. ‘फ्री’चा अर्थ बहुतेक वेळा ‘कमाई नसेल तरच फुकट’ असा असतो. स्ट्रीमिंगवर गाणं गेलं की कमाई सुरू झाली, मग महिन्याला दोन रुपये का येईनात. अशा बीटचं लीज, म्हणजे ठरावीक अटींवर वापरण्याचा परवाना, घ्यावं लागतं. लीजमध्ये चार गोष्टी बघा. फाइल एमपीथ्री मिळणार की वेव्ह, की प्रत्येक वाद्याच्या वेगळ्या फाइली (स्टेम्स)? किती स्ट्रीमपर्यंत आणि किती वर्षं चालेल? गाण्याच्या रचनेत बीटमेकरचा वाटा किती? कंटेंट आयडीला (गाणी ओळखून मालकाचा दावा लावणाऱ्या यूट्यूबच्या यंत्रणेला) परवानगी आहे का? ही शेवटची बाब फार जणांना नडते. एकच बीट पन्नास जणांनी लीजवर घेतलेलं असतं. त्यातल्या एकाने आपलं गाणं कंटेंट आयडीत नोंदवलं की उरलेल्या सगळ्यांच्या व्हिडिओंवर दावे येतात. म्हणून लीजच्या बीटवरचं गाणं चढवताना तो पर्याय बंदच ठेवा. पावती, लीजचा कागद आणि बीटमेकरबरोबरचे संदेश प्रत्येक गाण्याच्या फोल्डरमध्ये जपून ठेवा. ज्या बीटचा मालक सापडतच नाही ते गाणं सोडून द्या, शब्द मात्र ठेवा. ते तुमचे आहेत आणि दुसऱ्या बीटवर बसवता येतात.

प्रश्न : हिंदीत लिहिलं की बीटवर बसतं, मराठीत लिहिलं की घाई होते आणि ओळ बाहेर सांडते. मराठी रॅपला जड आहे का? (म्हापसा)

मुळीच नाही. चूक मोजण्यात आहे. तुम्ही कागदावरची अक्षरं मोजता, बीटला मात्र उच्चार कळतात. ‘आमची’ लिहायला तीन अक्षरं, बोलायला दोन उच्चार : आम्-ची. ‘करतात’ लिहायला चार, बोलायला दोनच. आधी ओळ मोठ्याने म्हणा, मग बोटांवर मोजा.

90 बीपीएमवर (मिनिटाला 90 ठोके) एक ठोका 0.67 सेकंदाचा, चार ठोक्यांचा बार 2.67 सेकंदांचा आणि 16 बारचं कडवं जवळजवळ 43 सेकंदांचं होतं. एका बारमध्ये सोळा बारीक घरं असतात. सोळाच्या सोळा भरली की श्वासाला जागा उरत नाही. नव्या माणसाने दहा ते बारा उच्चारांवर थांबावं. चौदा उच्चार एखाद्या बारपुरते चांगले वाटतात, सलग आठ बार वाटत नाहीत.

आपल्याकडे श्वासाची जागा राखणारा साचा शेकडो वर्षांपासून आहे. मोठ्या अभंगाची मांडणी सहा-सहा-सहा-चार अक्षरांची असते आणि यमक दुसऱ्या व तिसऱ्या चरणात येतं. उदाहरणादाखल :

चिऱ्याच्या खाणीत, साचले हे पाणी,
आमची कहाणी, बुडालेली.

अक्षरं बावीस, बोलताना उच्चार एकोणीस. पहिल्या बारच्या पहिल्या दोन ठोक्यांत ‘चिऱ्याच्या खाणीत’, पुढच्या दोनांत ‘साचले हे पाणी’. ‘पाणी’ बरोबर चौथ्या ठोक्यावर पडतं. दुसऱ्या बारमध्ये ‘आमची कहाणी’ दोन ठोके घेते, ‘बुडालेली’ तिसऱ्या ठोक्याची चारही घरं भरते आणि चौथा ठोका मोकळा राहतो. तिथे श्वास घ्या, किंवा मागून मित्राचा आवाज येऊ द्या. चौथा चरण तोकडा असल्याचा फायदा असा होतो. सगळं कडवं याच साच्यात लिहा असं नाही. आठ बार असे केलेत की ओळ कुठे संपवायची ते कानाला कळू लागतं.

दुसरी अडचण शेवटच्या क्रियापदाची. मराठी वाक्य ‘आहे’, ‘नाही’, ‘केलं’, ‘होतं’ यांवर संपतं, आणि मग प्रत्येक ओळीचं यमक तेच होऊन बसतं. क्रियापद आधी आणा, नाम शेवटी ठेवा. यमक एका उच्चाराचं न ठेवता दोन-तीन उच्चारांचं करा : ‘खाणीत’, ‘वाणीत’ आणि मग शब्द तोडून ‘पाणी तर’. हे तोडलेलं यमक ऐकताना माणूस मान डोलावतो.

कोंकणी मिसळायची असेल तर ती हुकमध्ये (गाण्यात पुन्हापुन्हा येणाऱ्या ओळीत) आणा. ‘हांव हांगाचो’ (मी इथला) हे तीन सेकंदांत प्रेक्षकांना तोंडपाठ होतं. कडव्याच्या मधोमध भाषा बदललीत तर कोंकणीचे नाकातले शेवट आणि मराठीचे उघडे शेवट यमकात जुळत नाहीत, आणि दोन्ही भाषा उसन्या वाटू लागतात.

प्रश्न : मिक्सटेपमध्ये किती गाणी असावीत? (काणकोण)

पहिल्या वेळी सहा. अठरा-वीस मिनिटांत माणूस पूर्ण ऐकतो. बारा गाणी तयार असतील तर त्यांतली सहा काढून टाकायला मन तयार होत नाही हे कळतं, पण उरलेली सहा त्यामुळेच नीट ऐकली जातात. सगळ्यांत बळकट गाणं पहिलं किंवा दुसरं ठेवा. शेजारशेजारच्या दोन गाण्यांचा वेग सारखा नसावा. बोलण्याचा तुकडा घालायचा असेल तर तो गाण्याच्या शेवटी जोडा. स्वतंत्र ट्रॅक केलात आणि तो 30 सेकंदांच्या आत संपला तर स्पॉटिफायवर त्याचं ऐकणं मोजलंच जात नाही.

प्रश्न : घर कौलारू आहे, वाळपईजवळ. स्टुडिओचं भाडं परवडत नाही. कंडेन्सर माइक घेतला होता, तो जुलैत करकर करू लागला. आता काय करावं? (सत्तरी)

माइक बिघडला असेलच असं नाही. कंडेन्सरच्या पातळ पडद्यावर दमटपणा बसला की तिथला विद्युतभार गळतो. मग करकर येते आणि आवाज बारीक होतो. तो घट्ट झाकणाच्या डब्यात 100 ते 200 ग्रॅम सिलिका जेलसोबत दोन दिवस ठेवून बघा. डब्यात छोटा आर्द्रतामापक टाका आणि आकडा 40 ते 50 टक्क्यांवर राहू द्या. जेलच्या दाण्यांचा रंग बदलला की ते गरम करून सुकवायचे आणि पुन्हा वापरायचे. तांदळात ठेवू नका, पीठ जाळीत शिरतं. सत्तरीच्या पावसात आम्ही तरी डायनॅमिक माइकच सुचवू. शुअर एसएम58 सारखा माइक ओल सहन करतो आणि खोलीचा आवाजही कमी घेतो. त्याला गेन (आवाजाची वाढ) जास्त लागतो, म्हणून इंटरफेस (माइक संगणकाला जोडणारा डबा) घेताना तेवढं बघा.

आता खोली. गिलावा केलेल्या चिऱ्याच्या भिंती आणि गुळगुळीत जमीन यांच्यात आवाज टप्पे घेत फिरतो. बहुतेक जण माइकच्या मागे फोम चिकटवतात, आणि नेमकं तिथेच त्याचा उपयोग सर्वांत कमी होतो. कार्डिऑइड माइकला मागचं फारसं ऐकू येत नाही, समोरचं येतं. समोर म्हणजे तुम्ही, आणि तुमच्या पाठीमागची भिंत. म्हणून गादी किंवा दोन-तीन जाड गोधड्या तुमच्या पाठीमागे, भिंतीपासून वीतभर पुढे टांगा. पातळ चादर फक्त वरचा किणकिणाट खाते आणि घुमणं तसंच राहतं. खोलीच्या कोपऱ्यात उभे राहू नका, तिथे खालचे स्वर फुगतात. कपड्यांचं उघडं कपाट पाठीशी असेल तर उत्तमच.

तोंड माइकपासून 15 सेंटिमीटरवर आणि पॉप फिल्टर (हवेचा झोत अडवणारी जाळी) मध्ये ठेवा. मराठीत भ, फ, ध, ख यांचा हवेचा झोत जोरात येतो. माइक थोडा तिरका, ओठांच्या कडेला रोखलात तर तो झोत बाजूने निघून जातो. रेकॉर्डिंग 24 बिटवर करा. नेहमीची पातळी उणे 18 डीबीच्या (डेसिबलच्या) आसपास आणि सगळ्यांत जोराची ओळ उणे 10 पर्यंत असू द्या. पातळी ओलांडून लाल दिवा लागलेलं रेकॉर्डिंग (टेक) नंतर नीट दुरुस्त होत नाही. हेडफोन वायरचाच हवा. ब्लूटूथमधून तुमचा आवाज उशिरा पोचतो आणि तुम्ही नकळत बीटच्या मागे पडता. सॉफ्टवेअरचा बफर (आवाज परत ऐकू येण्यातला उशीर ठरवणारी सेटिंग) रेकॉर्ड करताना 128 वर ठेवा आणि मिक्स करताना 512 किंवा 1024 करा. खोलीतला पंखा आणि शेजारचा फ्रिज तेवढा वेळ बंद ठेवा.

कौलांवर पाऊस पडत असताना टेक घेऊ नका. पावसाचा आवाज खालपासून वरपर्यंत सगळीकडे पसरलेला असतो. तो सॉफ्टवेअरने काढायला गेलात की स, श, च हेही त्याच्याबरोबर जातात आणि शब्द पाण्यातून आल्यासारखे वाटतात. रात्रीच्या रातकिड्यांचंही तसंच. उघडीप मिळाली की कडव्याचे सलग तीन टेक घ्या. शिवाय फक्त यमकाचे शब्द म्हणणारा एक वेगळा टेक घ्या. तो मुख्य आवाजाखाली 8 डीबीने कमी ठेवला की ओळीला वजन येतं. श्वास पूर्ण कापू नका, थोडे खाली आणा.

प्रश्न : आमच्या चवथीच्या (गणेशचतुर्थीच्या) घुमट आरतीचा यूट्यूबवरचा तुकडा बीटमध्ये वापरला तर? आरती तर सगळ्यांचीच आहे. (फोंडा)

जुनी पारंपरिक आरती सगळ्यांची, रेकॉर्डिंग मात्र ते करणाऱ्याचं. त्यावर निर्मात्याचा हक्क प्रकाशनापासून 60 वर्षं असतो आणि वादकांचाही वेगळा हक्क असतो. गावात मंडळ आहे, मग स्वतः रेकॉर्ड करा. आवाजही कितीतरी चांगला मिळेल. वादकांना आधी सांगा की हे रॅपच्या बीटमध्ये जाणार आहे. देवाच्या आरतीचे शब्द त्यात नको असं ते म्हणाले तर शब्द न घेता फक्त वादन घ्या. मानधन आणि नावं एका कागदावर लिहून सगळ्यांच्या सह्या घ्या.

घुमटाला, म्हणजे कातडं बांधलेल्या मातीच्या वाद्याला, दोन माइक लावा : एक कातड्यासमोर हातभर अंतरावर, दुसरा मागच्या उघड्या तोंडाजवळ. घुम तिथून बाहेर पडते. थाप पडते तेव्हा कातडं एका माइकपासून दूर आणि दुसऱ्याकडे सरकतं, म्हणून दोन्ही ट्रॅक एकत्र वाजवल्यावर खालचा आवाज पोकळ होतो. मागच्या ट्रॅकची पोलॅरिटी (ध्वनिलहरीची दिशा) उलटी करा, घुम परत येते. शामेळ (कातड्याचं तालवाद्य) आणि कासाळे (झांजा) शक्य तर वेगळ्या टेकमध्ये घ्या. कासाळ्याची किणकिण घुमटाच्या माइकमध्ये शिरली की ती नंतर वेगळी करता येत नाही.

आरती रंगत जाते तशी लय चढते. त्यामुळे क्लिकवर (हेडफोनमधल्या ठरावीक टिकटिकीवर) वाजवायचा आग्रह धरू नका, वादन मेल्यासारखं होतं. पाच मिनिटं मोकळं वाजवू द्या, त्यातले स्थिर चार बार निवडा आणि त्यांच्या वेगावर तुमचं बीट बांधा. पावसाळी दिवसांत कातडं सैल पडतं, म्हणून वाजवण्याआधी ऊन किंवा ऊब दाखवायला वेळ ठेवा. 2019 मध्ये घुमट गोवा राज्याचं वारसावाद्य म्हणून जाहीर झालं. आता त्यावर घोरपडीचं कातडं नसतं, बकऱ्याचं असतं.

प्रश्न : माझं गाणं इतरांपेक्षा बारीक ऐकू येतं आणि आवाज बीटखाली दबतो. (मडगाव)

तुमच्याकडे बीटचं एमपीथ्री आहे आणि ते आधीच मास्टर होऊन (शेवटची पातळी चढवून) आलेलं आहे. त्यावर आवाज चढवायला जागाच नाही. आधी बीटच 6 ते 8 डीबीने खाली आणा. आवाजाचा 80 ते 100 हर्ट्झखालचा भाग कापा, 250 ते 400 मधलं घुमणं थोडं कमी करा. कॉम्प्रेसर (जोराचा आवाज दाबणारा) 4 : 1 वर, 3 ते 6 डीबी दाबेल इतपत. बीटमध्ये 2 ते 4 किलोहर्ट्झच्या पट्ट्यात 2-3 डीबी कमी केलेत की शब्द पुढे येतात. स आणि श टोचत असतील तर डी-एसर 5 ते 8 किलोहर्ट्झवर लावा, पण जपून. जास्त झाला की जीभ जड वाटते.

मिक्सची सर्वोच्च पातळी उणे 6 डीबी ठेवा. स्पॉटिफाय सगळी गाणी साधारण उणे 14 एलयूएफएसला (गाणं सरासरी किती मोठं ऐकू येतं त्याचं माप) आणून वाजवतं, त्यामुळे मास्टर करकचून दाबून काही मिळत नाही. ट्रू पीक (आवाजाचं खरं टोक) उणे 1 च्या वर जाऊ देऊ नका. शेवटी फोनच्या स्पीकरवर ऐका. तिथे 50 हर्ट्झचा बास ऐकूच येत नाही. बासला थोडं सॅच्युरेशन (हलका खरखरीतपणा) दिलंत तर त्याचे वरचे स्वर फोनवरही कळतात.

प्रश्न : मुलगा 17 वर्षांचा आहे. एका गाण्याला बरीच दाद मिळाली, आता एक कंपनी करार पाठवते आहे. सही करू द्यावी का? (वास्को)

मुलाने सही करून उपयोग नाही. 1872 च्या करार कायद्यानुसार 18 वर्षांखालच्या व्यक्तीचा करार मुळातच रद्दबातल असतो. पालक म्हणून तुमची सही मागतील, म्हणून तुम्हीच शब्दन्‌शब्द वाचा आणि कॉपीराइट जाणणाऱ्या वकिलाला दाखवा. ही फी वाचवू नका.

कॉपीराइट कायदा, 1957 प्रमाणे हक्क देणं लेखी आणि सहीनिशीच व्हावं लागतं. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षं धरतात, प्रदेश लिहिला नसेल तर भारत. पण कंपनीच्या कागदात बहुधा ‘कायमसाठी’ आणि ‘जगभर’ लिहिलेलं असतं, तिथेच बोलणी करा. कुठली गाणी दिली ती नावानिशी लिहा. ‘यापुढची सर्व कामं’ हे कलम काढायला सांगा. त्याचं रॅपचं नाव आणि खात्यांचे पासवर्ड कंपनीच्या मालकीचे होत नाहीत ना, ते बघा. आगाऊ रक्कम मिळत असेल तर ती कशातून वळती होणार आणि व्हिडिओचा खर्च कुणाच्या वाट्याला, हे आकड्यांत हवं.

2012 च्या दुरुस्तीने गीतकार आणि संगीतकाराचा रॉयल्टीतला समान वाटा राखला आहे. तो करारातही सोडून देता येत नाही. रॅपर स्वतःचे शब्द लिहितो म्हणजे तो गीतकारच आहे. हे पैसे गोळा करणारी संस्था आयपीआरएस, तिथे त्याचं सदस्यत्व घ्या. ध्वनिमुद्रणाचा मालक मात्र कायद्याने निर्माता, म्हणजे ज्याने पुढाकार आणि जबाबदारी घेऊन रेकॉर्डिंग करवलं तो. आतापर्यंतचं गाजलेलं गाणं मुलाने घरच्या खर्चाने केलं असेल तर ते वेगळं ठेवा, नव्या करारात अडकवू नका.

प्रश्न : गाणी चढवण्याची पद्धत सांगा. (पेडणे)

वितरकाच्या (गाणी स्ट्रीमिंगवर पोचवणाऱ्या कंपनीच्या) अर्जात ‘मिक्सटेप’ असा प्रकार नसतो. चार ते सहा गाणी आणि 30 मिनिटांच्या आत असेल तर ईपी, त्याहून मोठं ते अल्बम. प्रत्येक गाण्याची वेव्ह फाइल आणि 3000 गुणिले 3000 पिक्सेलचं चौकोनी मुखपृष्ठ लागतं. मुखपृष्ठावर फोन नंबर, इन्स्टाग्रामचं नाव किंवा कुठल्या ॲपचं चिन्ह असेल तर ते परत येतं. प्रत्येक गाण्याला बारा अक्षर-अंकांचा आयएसआरसी हा ओळख-क्रमांक मिळतो, तो लिहून ठेवा. उद्या वितरक बदललात तर तोच क्रमांक द्या, नाहीतर ऐकण्याचे जुने आकडे तुटण्याचा धोका असतो. वार्षिक फी भरली नाही तर गाणी उतरवतात का, हे आधीच विचारा.

कलाकाराचं नाव देवनागरीत की रोमन लिपीत, हे एकदाच ठरवा. एकदा असं आणि एकदा तसं दिलंत की दोन वेगळी खाती तयार होतात आणि श्रोते विभागले जातात. शिव्या असतील तर ‘एक्स्प्लिसिट’ची खूण करा. सोबत गाणारे, बीटमेकर आणि घुमटवादक यांची नावं अर्जातच भरा, नंतर घालायला आठवडे जातात. तारीख चार आठवडे पुढची घ्या. स्पॉटिफायच्या संपादकांकडे एक गाणं सुचवता येतं, पण ते प्रकाशनाच्या किमान सात दिवस आधी सुचवायला हवं. आणि 2024 पासून एखादं गाणं मागच्या बारा महिन्यांत 1000 वेळा ऐकलं गेलं नसेल तर स्पॉटिफाय त्याचे पैसे देत नाही. ही मर्यादा प्रत्येक गाण्याला वेगळी लागते.

प्रश्न : वाड्यावरच (वस्तीतच) छोटा कार्यक्रम करून मिक्सटेप ऐकवायची आहे. (डिचोली)

ध्वनिक्षेपकाची लेखी परवानगी आधी काढा. उघड्यावर रात्री 10 ते सकाळी 6 तो बंद ठेवावा लागतो, म्हणून सात वाजता सुरू करा. पेनड्राइव्हवर गाण्याची वेगळी प्रत न्या, जिच्यात मुख्य आवाज काढलेला आणि यमकाचे शब्द व हुक ठेवलेले असतील. पूर्ण गाणं मागे लावून वर रॅप केलंत तर दोन आवाज एकमेकांवर आदळतात. माइकची जाळी मुठीत धरू नका, आवाज कोंडतो आणि शिट्टी वाजते. हात खाली, दांड्यावर. पहिलं गाणं तुमचं सगळ्यांत संथ असू द्या, म्हणजे साउंडवाल्याला तुमचा आवाज बसवायला तीन मिनिटं मिळतात.